नव्याच्या सणापर्यंतचा श्वास

पेण,
शुक्रवार, ता. २ मे २०२५

चि. एलू यास बायचे अ. उ. आ., शालोम.

फोनवर तू 'ठीक हाय' म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. कागदावर माणसाला चार ओळी तरी भराव्या लागतात आणि तुझ्या चार ओळींतलं खोटं थोरल्या बहिणीला लगेच कळतं. तुझ्या शेजारची अनिता रोज मेमू गाडीने पेणच्या कचेरीत येते, तिच्या हाती हे देत आहे. उत्तरही तिच्याच हाती पाठव. माझ्या गुडघ्याची वाटी फुटली नसती तर एव्हाना रोह्याच्या अष्टमीत तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते.

लीयाने सांगितलं की पित्ताशयात खडे आहेत, दोनदा कळ येऊन तू पडवीत गडबडा लोळलास, आणि पनवेलच्या डॉक्टरांनी बारा तारीख दिली आहे. ऑपरेशनला घाबरू नकोस. चौतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून उभी राहिले, अशी पित्ताशयं किती निघाली त्याची गणती नाही. मला काळजी पित्ताशयाची नाही, तुझ्या छातीची आहे.

तू दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडलीस असं जगाला सांगतोस. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून कुंडलिकेच्या पुलावर जातोस आणि तोंडात बडीशेप टाकून घरी येतोस. बायकोला वास येत नाही असं समजू नकोस, लीया बिचारी बोलत नाही एवढंच. मी बोलते. धाटावच्या केमिकल कंपनीत एकोणतीस वर्षं तिन्ही शिफ्टमध्ये काय काय हुंगलंस ते आहेच, त्यावर हे. भूल देणारे डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांग. सर्जन पोट बघतो, पण दोन-तीन तास तुझा श्वास सांभाळून बसतो तो भूल देणारा. त्याच्यापासूनच लपवलंस तर त्याने सांभाळायचं कसं?

माझं बरं चाललंय. खाली गुणाजीच्या कारखान्यात गणपतींची घाई सुरू झाली आहे, दिवसभर पॉलिशचा कागद घासल्याचा आवाज येतो. त्याची बायको ठमाबाई दोन वेळा भाकरी आणून देते आणि माझ्याकडून तुमच्या सगळ्यांच्या चौकश्या करून जाते.

लगेच लिही. रागावला असलास तर तेही लिही, चालेल.

तुझी,
बाय


अष्टमी, रोहा,
शुक्रवार, ता. ९ मे

ती. नाओमीबायस एलियाहचा सा. शालोम वि. वि.

तुझं पत्र मी उघडलं तेव्हा लीया मागे उभी राहून वाचत होती, हे तुला कळावं म्हणून आधी लिहितो. बडीशेपेपर्यंत आली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आता पुलावर जायची सोय राहिली नाही. तुझी हौस फिटली असेल.

मंगळवारी पनवेलला गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, माझ्या पोराच्या वयाच्या. सिगारेटचं विचारलं. मी म्हटलं, दिवसाला चार. लीयाने मागून सांगितलं की सहा. बाईंनी पेन खाली ठेवलं, आजपासून एकही नाही म्हणाल्या, आणि सर्जनशी बोलून ऑपरेशन सोळा जूनवर ढकललं. म्हणाल्या, छातीतला कफ थोडा कमी होऊ दे, तुम्हाला उठायला सोपं जाईल. तोवर लीया मला उकडलेला दुधी घालते आहे. सिगारेट सुटल्याचं दुःख मोठं की दुध्याचं, हे अजून ठरलं नाही.

छातीची परीक्षाही झाली. नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि जोरात फुंका म्हणाले. मी फुंकलं. मशीनवाल्याने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काका, काय व्यायाम करता? मी सांगितलं की आम्ही इस्राएल लोक, कोकणातले ज्यू, आमच्या नव्याच्या सणाला, म्हणजे नवीन वर्षाला, सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग फुंकतात, शोफार म्हणतात त्याला, आणि रोह्याचं शिंग एकतीस वर्षं मी फुंकतोय. त्याने मला पुन्हा एकदा फुंकायला लावलं, नुसतं बघायला. बाय, खरं सांगतो, छाती फुगली.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते. नव्याचा सण या वर्षी तेवीस सप्टेंबरला आहे. रोह्यात आपली तीन घरं उरली. ठाण्या-मुंबईची माणसं येतात म्हणून प्रार्थनेला लागणारे दहाजण भरतात, आणि ती येतात शोफार ऐकायला. चुलतभाऊ जोसेफ मागच्याच वर्षी म्हणाला होता की तू आहेस तोवर आम्ही येतो, पुढे सगळ्यांनी ठाण्यालाच जमलेलं बरं. बाबांच्या मागे मी फुंकायला लागलो. माझ्या मागे कोणी नाय. पोरगा इस्राएलात, अश्दोदला, तो तिकडचाच झाला.

तर माझी भीती अशी आहे. घशात नळी घालणार म्हणे, आणि श्वास मशीन घेणार. तीन तास दुसऱ्याने घेतलेला श्वास उठल्यावर पुन्हा माझा होतो का? डॉक्टरबाईंना विचारायची लाज वाटली. तुला विचारतो.

लीयाचा शालोम. तुझा गुडघा आणि तुझी जीभ, दोन्हींना आराम दे.

तुझा,
एलियाह


पेण,
शुक्रवार, ता. १६ मे

चि. एलूस अ. उ. आ., शालोम.

लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. टेबलावर झोपणारा प्रत्येक माणूस हेच विचारत असतो, कोणी तोंडाने, कोणी डोळ्यांनी. श्वास तुझाच राहतो. नळी काढली की घसा दोन दिवस बसतो, गरम पाणी पिऊन उठतो. पण उठल्यावर काम तुलाच करावं लागतं, आणि ते नीट समजून घे.

भूल दिली की अंगातले स्नायू सैल पडतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, तोही सैल पडून वर सरकतो आणि फुप्फुसाचा तळ दाबतो. तिथल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात. आमच्या ठमाबाईचे पोह्याचे पापड ओले असताना एकावर एक राहिले की चिकटून बसतात, तसं होतं. फाटत नाहीत, पण वेळेवर सोडवावे लागतात. टेबलावर मशीन हवा देत राहतं आणि भूल देणाऱ्याचं लक्ष असतं, तेव्हा तिथे फारसं भ्यायचं कारण नाही.

खरं भ्यायचं नंतर. तुझी चीर बरगडीच्या खालीच येणार, श्वास घेतला की दुखणार. मग माणूस वरवरचा, आखूड श्वास घ्यायला लागतो. खोकला दाबतो. कफ तळाशी बसतो आणि तिसऱ्या दिवशी ताप. दंडावर बेडकुळ्या असलेले बाप्ये मी असे पडलेले पाहिलेत, आणि काठीसारखी म्हातारी दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालली म्हणून पाचव्या दिवशी घरी गेलेली पाहिली. तेव्हा तू उठून बसायचं, चालायचं, पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचं. श्वासाचा व्यायाम शिकवायला कोणी येईल, त्याचं निमूट ऐकायचं. तुला निमूट ऐकणं लहानपणापासून जमलेलं नाही, ते या महिन्याभरात शीक.

शोफारचं तेवीस सप्टेंबरला बघू. अजून तीन महिने हातात असतील, आणि फुप्फुसं फार गुणी असतात.

दुधी खा. सिगारेट मागितलीस असं लीयाकडून कळलं तर लंगडत येईन.

तुझी,
बाय


पनवेल,
शुक्रवार, ता. २० जून

ती. वन्सं यांस लीयाचा सा. शालोम वि. वि.

फोनवर तुमच्याशी बोलताना हे समोर असतात, म्हणून मी सगळं बरं आहे म्हणते. ते खरं नाही. अनिता भेटायला आली आहे, तिच्या हाती हे देते. तुम्ही कळल्याचं त्यांना दाखवू नका.

सोमवारी दुर्बिणीने सुरू केलं, पण पित्ताशय सुजून आतड्याला चिकटलं होतं. मग बरगडीखाली वीतभर उघडावं लागलं. साडेतीन तास लागले. बाहेर आणलं तेव्हा तोंडावर ऑक्सिजन होता. मला ओळखलं, हात हलवला. त्या रात्री बरं वाटलं.

बुधवारी ताप आला. फोटो काढला तर उजव्या फुप्फुसाचा तळ मिटलाय असं डॉक्टर म्हणाले. बोटाला चिमटा लावतात त्याच्यावर ऑक्सिजनचा अठ्ठ्याऐंशी आकडा आला होता, आज ब्याण्णव-त्र्याण्णव दाखवतो. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पण यांनी खोल श्वास घेतला पाहिजे, खोकलं पाहिजे. हे खोकतच नाहीत, वन्सं. उशी दिली तर बाजूला ठेवतात. खोकला आला की ओठ मिटून गिळतात, कपाळावर घाम येतो. बसवायला गेलं की माझ्यावर ओरडतात. बत्तीस वर्षांत कधी माझ्यावर ओरडले नव्हते.

श्वासाचा व्यायाम शिकवायला अपेक्षा म्हणून एक गोड पोरगी येते. चेंडूंचा डबा घेऊन आली तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते. परत आले तर ती दारातच भेटली, म्हणाली की काका मला म्हणाले, पोरी, फुंकायचं तू मला शिकवू नको, माझं आयुष्य त्यात गेलंय. डबा ठेवून गेली. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, समजलंय सगळं, करतो.

मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलले आहे. बरे होऊन घरी आले की गोड पोहे, फळं, सगळं मांडीन आणि अष्टमीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना बोलवीन. तुम्हीही मागा. मला एकटीला मागायला आता भीती वाटते.

तुमची माया आहे त्यावरच मी उभी आहे.

तुमची,
लीया


अष्टमी, रोहा,
सोमवार, ता. ३० जून

ती. नाओमीबायस सा. शालोम वि. वि.

गुरुवारी घरी आलो. पत्र लहान आहे, फार वेळ बसवत नाही. ताप उतरलाय, संध्याकाळी थोडी कणकण असते. जेवण जातं.

तुला खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. मला एक प्लास्टिकचा डबा दिलाय. तीन खणांत तीन चेंडू, आणि एक नळी. दर तासाला दहा वेळा करा म्हणाले. मी नळीला तोंड लावतो आणि होता नव्हता तेवढा जीव लावून फुंकतो. एकही चेंडू हलत नाही. पहिलासुद्धा नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, टाके ओढतात, आणि चेंडू तिथेच. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर महिपती म्हणून नागोठण्याचा एक शेतकरी होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याचंही पोट उघडलेलं. तो दोन चेंडू वर नेऊन धरत होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. मे महिन्यात त्या मशीनवाल्याने मला पुन्हा फुंकायला लावलं होतं, आणि आता माझ्याने एक चेंडू हलत नाय.

परवापासून मी तो डबा कपाटावर ठेवून दिला आहे. लीयाला सांगतो की ती स्वयंपाकात असताना करतो.

जोसेफला फोन केला. रविवारी येऊन शोफार ठाण्याला घेऊन जा म्हटलं. त्यांच्यात एक तरुण आहे, तो फुंकेल. या वर्षी आपलं सिनेगॉग उघडायला नको. जोसेफ येतो एवढंच म्हणाला.

बाय, तू लिहिलं होतंस की श्वास तुझाच राहतो. नाय राहिला. तुझ्यावर राग नाही. तुलाही ते माहीत नसणार.

लोभ होता तसाच असू दे.

एलियाह


पेण,
मंगळवार, ता. १ जुलै

एलू, गाढवा,

आशीर्वाद नंतर. अनिता दुपारच्या सुट्टीत पत्र देऊन गेली आहे आणि पाच वाजता उत्तर न्यायला येणार आहे. ती दारात उभी राहून तू हे वाचेपर्यंत थांबेल, तसं तिला बजावते. फोन केला असता, पण फोनवर तू अर्धं ऐकून मला समजलं म्हणशील, जसं लीयाला म्हणालास (तिने कळवलं, तिच्यावर रागावू नकोस).

त्या डब्यात फुंकायचं नसतं. ओढायचं असतं.

पुन्हा वाच. नळी तोंडात धरायची आणि हवा आत ओढायची. आत ओढलेल्या हवेने चेंडू वर जातात. तू जन्मभर फुंकलंस तरी त्यातला एकही हलणार नाही, महिपतीने फुंकलं असतं तर त्याचाही हलला नसता. तो काही तुझ्याहून दमदार नाही. त्याने फक्त शिकवायला येणाऱ्या पोरीचं ऐकलं.

मे महिन्यात फुंकायला लावलं ती परीक्षा होती, आतून किती हवा बाहेर येते ते बघायची. हा डबा परीक्षेचा नाही, औषधाचा आहे. मिटलेल्या पिशव्या उघडायच्या तर हवा आत गेली पाहिजे, तळापर्यंत. आणि तू दहा दिवस काय केलंस, होती नव्हती ती हवा जोर लावून बाहेर काढलीस, तीही ताज्या टाक्यांवर. मी वाचलं आणि आधी हसले. मोठ्याने हसले, ठमाबाई वर आली काय झालं बघायला. मग मला रडू आलं आणि तिला काय सांगावं कळेना. तिला शोफार माहीत नाही, तुला तिने कधी पाहिलेलं नाही, पण ती माझ्याबरोबर बसून राहिली.

आता कर. खाटेवर नको, खुर्चीत ताठ बस. आधी सावकाश सगळी हवा सोडून दे. नळीभोवती ओठ मीट आणि ओढ. झटक्याने नाही. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढतोस त्या गतीने. पहिला चेंडू वर गेला की तीन अंक मोजेपर्यंत धर, मग सोड. दुखेल. उजव्या बरगडीखाली उशी दाबून धर आणि दुखत असताना ओढ. खोकला येईल, तो येऊ दे, गिळू नको. तो कफ बाहेर यायलाच हवा आहे.

जोसेफला मी आत्ता फोन करते. शोफार घराबाहेर जाणार नाही.

आणि हे लीयाला वाचायला देऊ नकोस, किंवा दे. शोफार फुंकलास नाही फुंकलास, सिनेगॉग उघडलं नाही उघडलं, ते सगळं नंतर. आपण पाच भावंडं होतो. दोघं मातीत, एक समुद्रापलीकडे. इकडे तू आणि मी उरलो. मला तू जिवंत हवा आहेस, एलू. एवढंच मागते.

आता आशीर्वाद.

बाय


अष्टमी, रोहा,
मंगळवार, ता. ८ जुलै

ती. नाओमीबायस एलियाहचा सा. शालोम वि. वि.

अनिता खरोखरच दारात उभी राहिली होती. पत्र वाचून मी कपाटावरचा डबा काढला, खुर्चीत बसलो आणि ओढलं. पहिला चेंडू उठला. जरासा उठला, थरथरला आणि पडला. मी लीयाला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, तिच्यासमोर पुन्हा ओढलं, पुन्हा उठला. मग तिला सगळं सांगावं लागलं. ती जे काही बोलली ते मी लिहीत नाही. अनिता तेवढ्यात घरी निघून गेली होती हे बरं झालं.

त्या संध्याकाळी उशी धरून खोकलो. काय काय बाहेर आलं ते तू नर्स असलीस तरी तुला सांगवत नाही. रात्री घाम येऊन कणकण गेली ती गेलीच. आता एक चेंडू तीन अंकांपर्यंत टिकतो आणि दुसरा उठायला बघतो. सकाळी पुलापर्यंत जाऊन येतो. हो, नुसताच.

अपेक्षाला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, काका, मी तीन वेळा सांगितलं होतं. मी म्हटलं, पोरी, तिन्ही वेळा मी माझंच ऐकत होतो. ती हसली. तिचा काही राग नव्हता.

रविवारी जोसेफ आला. तुझा फोन त्याच्या कानात अजून घुमत होता असं दिसलं, कारण त्याने शोफारला हातसुद्धा लावला नाही. लीयाने मलिदा त्याच दिवशी ठेवला, अख्खी आळी जेवून गेली. निघताना जोसेफ सरळ बोलला. म्हणाला, बारा सप्टेंबरला तुला डॉक्टरांना दाखवायचंय, तोवर मी लोकांना काही सांगत नाही. डॉक्टर हो म्हणाले तर आम्ही सगळे रोह्याला. नाही म्हणाले तर या वर्षी ठाणे, आणि बहुतेक पुढेही ठाणेच. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पन्नास-साठ माणसांनी शंभर किलोमीटर येऊन गप्प बसून जायचं का?

पोटावर जोर तीन महिने नाही, म्हणजे शिंगाला तोवर तोंड लावायचं नाही. मी फक्त ओढतो. तुझी आठवण काढून ओढतो, म्हणजे भीतीने नीट ओढलं जातं.

गाढव,
एलियाह


अष्टमी, रोहा,
रविवार, ता. १४ सप्टेंबर

ती. नाओमीबायस सा. शालोम वि. वि.

शुक्रवारी पनवेलला दाखवलं. टाका चांगला धरलाय. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मुद्दाम भेटायला आल्या, पाठीकडून नळी लावून छाती ऐकली आणि तळापर्यंत हवा जाते म्हणाल्या. तिन्ही चेंडू उठतात हे मी त्यांना न विचारता सांगितलं. सर्जन म्हणाले, पोटाला पट्टा बांधून फुंका, रिवाजाच्या शंभर फुंका नाही, तीस. दुखलं की थांबा. जोसेफला फोन केला, तो लगेच गाडी ठरवायला लागला. तेव्हा सिनेगॉग उघडतंय, बाय. आज सकाळी कुलूप काढून लीया आणि अनिता झाडून आल्या.

पण मला झोप नाही. काल दिवस मावळल्यावर, शनिवारचा शब्बाथ संपला तेव्हा, तीन महिन्यांनी शिंग तोंडाला लावलं. आखूड आवाज येतात, तुटक येतात, बरे येतात. शेवटची लांब फुंक अर्ध्यात मोडते. बाबांची ती फुंक तुला आठवते, माणसं एकमेकांकडे बघायला लागायची, अजून कशी संपत नाही म्हणून. माझीही एकतीस वर्षं एका दमात गेली. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. आता मध्येच हवा संपते आणि शिंगातून नुसता फुस्स आवाज येतो. तो आवाज मी त्या लोकांसमोर काढू का? की तीस म्हणताना शेवटची गाळून एकोणतीसवर उतरू?

तू सांगशील तसं करतो. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा लिहिणार नाही.

एलियाह


पेण,
मंगळवार, ता. १६ सप्टेंबर

चि. एलूस अ. उ. आ., शालोम.

वाक्य कापून उशीखाली ठेवलं आहे.

गाळायची नाही. मोडली तर मोडू दे. थांब, ओढ, आणि पुन्हा पहिल्यापासून फुंक. पुन्हा फुंकायला आपल्यात कोणी बंदी केलेली नाही, मी जोसेफला विचारून घेतलंय. तू एका दमात फुंकतोस म्हणून माणसं रोह्याला येत नाहीत. ती येतात कारण त्यांचे आईबाप तिथे उभे राहून ऐकायचे. श्वास घेणाऱ्या माणसाला बघून कोणी हसेल असं वाटत असेल, तर तू त्यांना ओळखत नाहीस.

माझं प्लास्टर कधीच निघालं, आता काठीवर चालते. बावीस तारखेला अनिताबरोबर मेमूने येते. पाट किंवा बाज नको, टेकायला उंच खुर्ची ठेव. आणि दुधी नको.

तुझी,
बाय


पेण,
शुक्रवार, ता. २६ सप्टेंबर

चि. एलूस बायचे अ. उ. आ., शालोम.

काल सुखरूप पोचले. निघताना अनिताच बिचारी दोघांच्या वाटचं बोलत होती. म्हणून लिहिते. तुझं तोंड धर्मग्रंथाच्या कपाटाकडे होतं, तुला जे दिसलं नाही ते सांगते.

माडी चढता येईना म्हणून मला बायकांत वर न नेता खाली दाराजवळच्या बाकावर बसवलं, लीया माझ्यासाठी खाली थांबली. माणसं मी मोजली, त्रेसष्ट. एकोणतीस फुंका तू बऱ्या फुंकल्यास, दोन ठिकाणी आवाज चिरकला, कोणाला कळलं नसेल. मग ती शेवटची. निम्म्यावर आली आणि मोडली. तो फुस्स आवाज आला. तू शिंग खाली केलंस आणि थांबलास.

एलू, एकाही माणसाने मान खाली घातली नाही. कोणी खाकरलं नाही, पुस्तकाचं पान उलटलं नाही. तुझे खांदे मला मागून दिसत होते. आधी सगळी हवा सोडलीस. मग ओढायला लागलास, सावकाश, नीट, खांदे न उचलता, खालून. पट्ट्याच्या वर सदरा हळूहळू ताणत गेला. जोसेफ तुझ्या बाजूला उभा होता, त्याचीही छाती तुझ्याबरोबर फुगत होती, त्याला पत्ता नव्हता. लीयाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ अजून आहे.

चौतीस वर्षं मी माणसांचे श्वास घड्याळ लावून मोजले. कोणाचे वाढले, कोणाचे कमी झाले, कोणाचे माझ्या हाताखाली थांबले. कधी आकडा चुकला नाही. त्या वेळी मला एकही मोजता आला नाही. मी माझाच धरून बसले होते आणि ते मला तू फुंकल्यावर कळलं, कारण तेव्हा तो सुटला आणि मी सगळ्यांसमोर हुंदका दिला. त्यामुळे ती फुंक केवढी होती ते मी सांगू शकत नाही. जोसेफ म्हणतो बाबांच्या निम्मी. असेल.

पुढच्या वर्षी थांबशील तेव्हा खुशाल थांब. फक्त जरा लवकर ओढ. मी पंच्याहत्तरची होईन, मला इतका वेळ धरवत नाही.

लीयाला माया. तुझ्यावर जीव आहे तो आहेच.

तुझी,
बाय